खाटेचे पैसे, वर्षभराचा आजार

खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारीचे घोटलेले मिश्रण, खाऊन जबड्याचा कर्करोग झाला, तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून जबड्याच्या शस्त्रक्रियेचे, रेडिएशनचे आणि केमोथेरपीचे पैसे रुग्णालयाला मिळतात. तोच माणूस दहा वर्षे आधी ‘खर्रा सोडायचा आहे’ म्हणत ग्रामीण रुग्णालयाच्या ओपीडीत आला असता, तर त्याच्यासाठी अर्धा तास देणाऱ्या समुपदेशकाच्या कामाची या योजनेत कुठेच नोंद झाली नसती. दारूचेही तेच. यकृत निकामी होत जाते, अन्ननलिकेतल्या शिरा फुगून फुटतात, रक्ताची उलटी होते, तेव्हा नातेवाईक कार्ड घेऊन धावतात आणि कार्ड चालतेही. त्या शिरा फुगू नयेत म्हणून जे वर्षभर करायचे असते, त्यासाठी कार्ड नाही.

यामागे कोणाचा दुष्टपणा नाही. पैसे मोजण्याची पद्धतच तशी बेतलेली आहे. २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत विदर्भातले गडचिरोली आणि अमरावती होते. नोव्हेंबर २०१३मध्ये ती राज्यभर पोचली, २०१७मध्ये तिला महात्मा फुल्यांचे नाव मिळाले, पुढे ती केंद्राच्या प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेशी जोडली गेली आणि जुलै २०२४पासून दर कुटुंबाला वर्षाला पाच लाखांचे संरक्षण आले. नावे आणि रकमा बदलल्या, मूळ कल्पना तीच राहिली: ठरलेला आजार, ठरलेली प्रक्रिया, ठरलेले पॅकेज. रुग्ण भरती होतो, आरोग्यमित्र, म्हणजे रुग्णालयात बसणारा योजनेचा मदतनीस, कागद लावून देतो, पूर्वपरवानगी येते, उपचार होतात, सुटीची कागदपत्रे वर जातात, दावा मंजूर होतो. हृदयाच्या झडपेसाठी, मोडलेल्या मांडीसाठी, मुतखड्यासाठी ही पद्धत चांगली चालली. ज्यांनी एरवी शेत विकले असते अशी कितीतरी कुटुंबे तिने वाचवली, तेव्हा तिला सरसकट नावे ठेवण्यात अर्थ नाही. पण झडपेची शस्त्रक्रिया एका दिवशी होते आणि संपते. व्यसनाचा उपचार असा संपत नाही.

शेवटचा पव्वा पोटात गेल्यावर सहा ते चोवीस तासांत हातपाय कापू लागतात, घाम सुटतो, मळमळते, झोप उडते. फिट यायचीच असेल तर बहुधा पहिल्या ४८ तासांत येते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान काहींना भ्रम होतो: भिंतीवर किडे दिसतात, नसलेली माणसे बोलू लागतात, आपण कुठे आहोत हे कळत नाही, ताप आणि नाडी चढते. इथे उपचार मिळाले नाहीत तर माणूस दगावतो. उपचार तसे अवघड नाहीत. डायझेपाम किंवा क्लोरडायझेपॉक्साइड, यकृत बिघडलेले असेल तर लोराझेपाम, आधी पुरेसे आणि मग रोज थोडे कमी करत पाच ते सात दिवसांत बंद. सोबत थायमिन, म्हणजे जीवनसत्त्व ब-१, तेही ग्लुकोजच्या सलाईनच्या आधी. हा क्रम वारंवार चुकतो, कारण ‘आधी एक सलाईन लावून द्या’ हा आपल्याकडे नातेवाइकांचा आणि डॉक्टरांचाही आवडता उपचार. मग महिनोन्‌महिने उपाशीपोटी पिणाऱ्याच्या शरीरात उरलेसुरले थायमिन ते ग्लुकोज पचवण्यात खर्ची पडते, डोळ्यांची हालचाल बिघडते, चाल झोकांड्या खाऊ लागते आणि स्मरणशक्ती कायमची जाऊ शकते. पॅकेजच्या हिशेबात मात्र नीट झालेला आणि बिघडलेला, दोन्ही रुग्ण सारखे: एवढे दिवस, एक खाट.

हे सारे आठ-दहा दिवसांत आटोपते. घरच्यांना वाटते दारू सुटली. खरे तर अजून फक्त शरीर दारूशिवाय राहायला शिकले आहे. पुढच्या काळासाठी औषधे आहेत: मूत्रपिंड ठीक असेल तर अकॅम्प्रोसेट, ३३३ मिलिग्रॅमच्या दोन-दोन गोळ्या दिवसातून तीनदा, यकृत फार बिघडलेले नसेल तर नाल्ट्रेक्सोन ५० मिलिग्रॅम रोज एक, यकृत खराब असलेल्यांना बॅक्लोफेनचा पर्याय. आणि डायसल्फिराम. गावोगावी ‘दारू सोडवायची गोळी’ म्हणून ओळखली जाते ती हीच. ती घेतलेल्याने दारू प्यायली तर चेहरा लालबुंद होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो. ती रुग्णाला सगळे समजावून, त्याच्या संमतीने, हृदय आणि यकृत तपासूनच द्यायची असते. बंद केल्यावरही तिचा परिणाम दोन आठवड्यांपर्यंत राहू शकतो. तरी ती भाजीत, चहात गुपचूप मिसळली जाते आणि कधी कधी जिवावर बेतते. मिसळणाऱ्या बाईला दोष देऊन काय होणार? तिला कोणी वीस मिनिटे बसवून सांगितले नाही, आणि त्या वीस मिनिटांचे पैसे कोणाला मिळत नाहीत.

बहुतेक जण पुन्हा पितात ते पहिल्या काही महिन्यांत, आणि खेड्यातली ही घसरण कॅलेंडर बघून येते. श्रावण पाळून कोरडा राहिलेला माणूस पोळ्याच्या करीला पितो. ऑक्टोबरात सोयाबीनचे आणि नंतर कापसाचे पैसे हातात पडतात. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले पडतात, गडचिरोली-गोंदियाच्या जंगलपट्ट्यात घराघरांत मोह वाळत असतो. मे महिन्यात तेंदूपत्त्याची मजुरी येते. मधे लग्नसराई आणि कुठलीतरी निवडणूक. यातल्या प्रत्येक वळणाच्या आधी कोणीतरी त्या माणसाला भेटायला हवे. सध्याच्या पैशांच्या रचनेत हे काम कोणाचेच नाही.

कागदावर काय आहे तेही पाहू. प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेच्या पॅकेजांत मादक पदार्थांमुळे होणारे मानसिक विकार हे नाव आहे, पण पैसे भरती राहिलेल्या दिवसांच्या हिशेबाने, म्हणजे खाटेवरच. ओपीडीतले उपचार आणि व्यसनमुक्तीचे पुनर्वसन या दोन्ही गोष्टी योजनेने स्पष्टपणे वगळल्या आहेत. सुटीनंतरच्या औषध-तपासण्यांचे संरक्षण १५ दिवसांचे. राज्याच्या जुन्या योजनेत ते १० दिवसांचे होते. म्हणजे धोका सर्वांत जास्त असतो तेव्हाच योजना हात काढून घेते. गंमत अशी की दीर्घ पाठपुराव्याला पैसे देणे या व्यवस्थेला नवे नाही. राज्याची योजना सुरू झाली तेव्हा ९७१ उपचारांबरोबर १२१ पाठपुराव्याची पॅकेजे होती. शस्त्रक्रियेनंतर काही आजारांना महिनोन्‌महिने गोळ्या आणि तपासण्या लागतात हे मान्य करूनच ती आखली गेली. दारू सोडलेल्या माणसालाही तशीच गरज असते, हे तेव्हा कोणाला सुचले नाही, किंवा सुचूनही मांडावेसे वाटले नाही.

ज्यांच्याकडे खासगी आरोग्य विमा आहे त्यांची गत वेगळी नाही. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम २०१७मध्ये मानसिक आजाराच्या व्याख्येतच दारू आणि मादक पदार्थांच्या दुरुपयोगाशी जोडलेल्या स्थिती आहेत, आणि कलम २१(४) सांगते की शारीरिक आजाराला जसा विमा, तसाच मानसिक आजाराला. तरी विमा नियामकाने २०१९मध्ये प्रमाणित केलेल्या अपवादांच्या यादीत बाराव्या क्रमांकावर दारू, अमली पदार्थ किंवा कोणतेही व्यसन आणि त्याचे परिणाम यांवरचे उपचार आहेत. कायदा एक बोलतो, पॉलिसीचा बारीक मजकूर दुसरे. याच अधिनियमाच्या कलम १८मध्ये आणखी एक तरतूद आहे: जिल्ह्यात किमान मानसिक आरोग्य सेवा सरकारी व्यवस्थेत उपलब्ध नसेल, तर त्या जिल्ह्यातल्या दुसऱ्या ठिकाणी घेतलेल्या उपचाराचा खर्च शासनाने सोसायचा. सिरोंच्याहून गडचिरोली सुमारे २०० किलोमीटर, धारणीहून अमरावती सुमारे दीडशे. हे कलम हातात घेऊन कोणी अर्ज करू शकतो, एवढेही गावात माहीत नसते.

पुनर्वसनाचा दुसरा रस्ता सामाजिक न्याय खात्याचा. त्या खात्याच्या मदतीवर संस्था व्यसनमुक्ती केंद्रे चालवतात आणि त्यांचे अनुदानही खाटांच्या संख्येवर. हप्ते उशिरा येतात, त्यामुळे समुपदेशक टिकत नाहीत. समुपदेशक बदलला की रुग्णाने ज्याच्याशी मन मोकळे केले तोच जातो. आरोग्य खात्याच्या जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमात पथक आहे, तालुक्याला भेटी आहेत, पण माणसे कंत्राटी. खासगी केंद्रे महिन्याच्या भाड्यासारखी फी घेतात, काही ठिकाणी घरच्यांच्या सांगण्यावरून रात्री गाडी येते आणि माणसाला उचलून नेते. हे बेकायदा आहे. भरती एकतर रुग्णाच्या स्वतःच्या इच्छेने होते किंवा कायद्याने घालून दिलेल्या मर्यादेत, आणि केंद्राची राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंद असावी लागते. तरी असे चालते, कारण पैसे माणूस खाटेवर असण्याचे असतात, मग तो कसा आला याला फारसे महत्त्व उरत नाही.

आता क्षयरोगाकडे बघा. तोही गरिबाचा आजार, तोही औषध अर्धवट सोडले की उलटणारा, त्याचाही उपचार किमान सहा महिन्यांचा. तिथे शासनाने खाटेचे पॅकेज केले नाही. गोळ्या गावात दिल्या. गोळी घेतली का हे बघणाऱ्या आशाताईला उपचार पूर्ण झाल्यावर १,००० रुपये मानधन ठेवले. रुग्णाच्या खात्यात एप्रिल २०१८पासून महिन्याला ५०० रुपये पोषणासाठी आले, नोव्हेंबर २०२४पासून ते १,००० झाले. यात त्रुटी भरपूर आहेत, पैसे महिनोन्‌महिने अडकतात. पण पैसे आजाराच्या लांबीएवढे लांब पसरलेले आहेत, हे महत्त्वाचे. ज्या आशाताई क्षयाच्या रुग्णाच्या दारात जाऊ शकतात, त्यांना शेजारच्या घरातल्या दारू सोडलेल्या माणसाला ‘कसं काय चाललंय भाऊ’ विचारायला जाण्याचा वेगळा रस्ता लागत नाही. शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर २०१५मध्ये चौदा जिल्ह्यांत सुरू झालेल्या प्रेरणा प्रकल्पात त्यांनी घरोघरी मानसिक ताणाची पाहणी केलीच आहे.

व्यसनाच्या उपचाराचे पैसे क्षयरोगाच्या धर्तीवर, वर्षभर आणि भेटींवर मोजावेत, एवढीच या लेखाची मागणी आहे.

ढोबळ आराखडा असा. सतरा भेटी: पहिल्या महिन्यात दर आठवड्याला एक, पुढचे दोन महिने दर पंधरवड्याला, मग नऊ महिने महिन्याला एक. पहिल्या दहा दिवसांच्या खाटेला एकूण रकमेचा तिसरा हिस्सा, पुढच्या तीन महिन्यांना निम्मा, उरलेला बाकीच्या काळाला. भेट शक्यतो प्राथमिक आरोग्य केंद्रात, आठवडी बाजाराच्या दिवशी, कारण त्या दिवशी माणूस बाजाराला येतोच आणि दारूचे दुकानही तिथेच असते. मनोविकारतज्ज्ञाने महिन्यातून एकदा यावे, मधल्या भेटी वैद्यकीय अधिकाऱ्याने घ्याव्यात आणि अडले तर फोनवर विचारावे. टेलिमानस या फोनवरून मानसिक आरोग्याचा सल्ला देणाऱ्या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक ऑक्टोबर २०२२पासून आहे. तो पोस्टरवर आहे, रुग्णाच्या कार्डावर हवा. एसटीचे भाडे आणि एका दिवसाची मजुरी रुग्णाच्या खात्यात. ही रक्कम लहान वाटेल. पण सोयाबीन काढणीत एक दिवस बुडवून पन्नास किलोमीटर जायचे की नाही, हे तिच्यावरच ठरते.

पैसे नेमके कशाला जोडायचे, इथे चूक होण्याची शक्यता सर्वांत मोठी. मोह होतो की ‘दारू सुटली तर पैसे’ म्हणावे. अमेरिकेतल्या मेन राज्याने १९९०च्या दशकात उपचार केंद्रांचे पैसे निकालांशी बांधले. पाहणीत दिसले ते असे की केंद्रांकडे येणाऱ्यांत सर्वांत बिघडलेल्या रुग्णांचा वाटा कमी झाला. साहजिक आहे. निकालावर पैसे असतील तर अवघड रुग्ण दारातच नकोसा होतो. डेलावेअर राज्याने २००२च्या सुमारास दुसरा मार्ग धरला: जागा किती भरल्या आणि आलेले रुग्ण किती नियमित येतात, यावर पैसे. उपचार कसा करायचा ते केंद्रांवर सोपवले. काही वर्षांत जागांचा वापर ५४ टक्क्यांवरून ९५ टक्क्यांवर गेला. केंद्रांनी संध्याकाळच्या वेळा ठेवल्या, इमारती नीट केल्या, कारण रुग्ण आला तर पैसे होते. त्याच देशात ज्येष्ठांच्या मेडिकेअर योजनेने जानेवारी २०२०पासून अफूजन्य पदार्थांच्या व्यसनावर औषध आणि समुपदेशन मिळून आठवड्याचा एक दर द्यायला सुरुवात केली. तिथले दर, तिथले औषध आणि तिथली नशा आपल्याला जशीच्या तशी लागू नाही. आठवडा हे माप मात्र घेण्यासारखे आहे.

म्हणून पैसे हजेरीला. पुन्हा पिऊन आलेल्या रुग्णाचीही भेट पूर्ण धरावी, किंबहुना थोडी जास्त मोजावी, कारण तो त्या दिवशी आला हेच अवघड काम. घसरला म्हणून नाव कापले तर माणूस खोटे बोलायला शिकतो आणि केंद्र खोटे लिहायला. फिट किंवा भ्रमाचा इतिहास असलेला, यकृत बिघडलेला, बायका-मुले सोडून गेलेला, यांच्यासाठी दर वाढीव. बनावट हजेरी होणारच. ती पकडायला अंगठ्याची मशीन पुरत नाही. औषधाचा साठा आणि भेटींचा आकडा जुळतो का, हे तपासणे सोपे पडते. अकॅम्प्रोसेट घेणाऱ्या एका रुग्णाला महिन्याला १८० गोळ्या लागतात. शंभर रुग्ण दाखवले आणि गोळ्या चार हजार गेल्या, तर उत्तर कागदावरच आहे.

दोन आक्षेप नेहमी येतात. पहिला: स्वतःच्या हाताने ओढवलेल्या आजारावर जनतेचा पैसा कशाला? त्याचे उत्तर वर आलेच: तो पैसा आपण देतोच आहोत, फक्त जबडा काढायच्या वेळी. दुसरा आक्षेप विदर्भात जास्त जोरात येतो: दारूबंदी करा, उपचाराची गरजच पडणार नाही. वर्धा १९७०च्या दशकापासून, गडचिरोली १९९३पासून कोरडा. चंद्रपूर २०१५ ते २०२१ कोरडा होता. बंदीने पिणारे कमी होतात का यावर वाद घालता येईल, आणि गावातल्या बायकांनी लढून मिळवलेल्या या गोष्टीला हलके लेखणे बरे नाही. पण बंदी आली त्या दिवशी ज्याचे शरीर दारूवर चालत होते, त्याला दुसऱ्या दिवशी फिट येते, आणि ती बंदीच्या आदेशाने थांबत नाही. बंदीच्या जिल्ह्यात तर उपचार अधिक लागतात. गडचिरोलीत २०१६पासून चालणाऱ्या ‘मुक्तिपथ’ या दारू-तंबाखूविरोधी कार्यक्रमाने गावातली दारू बंद करण्यासोबत तालुक्याच्या ठिकाणी व्यसन उपचाराचे दवाखाने ठेवले, ते याच हिशेबाने.

पैसा कुठून आणायचा हे विचारणे योग्य. जून २०२५मध्ये राज्याने मद्यावरचे उत्पादन शुल्क वाढवले तेव्हा वर्षाला १४,००० कोटींची भर अपेक्षित धरली होती. थायलंडने २००१पासून दारू आणि तंबाखूवरील कराच्या जोडीला दोन टक्के अधिभार लावून तो आरोग्य संवर्धनाच्या निधीकडे वळवला आहे. आपल्याकडे उत्पादन शुल्क एक खाते गोळा करते, पुनर्वसन दुसरे पाहते, रुग्णालये तिसरे चालवते, आणि तिघांच्या बैठका वेगळ्या. त्या वाढीव रकमेचा छोटासा भाग पॅकेजांच्या पुढच्या फेरआखणीत राखून ठेवला तरी सतरा भेटींची सुरुवात दोन-चार जिल्ह्यांत होऊ शकते.

२०१९मध्ये जाहीर झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांपैकी एकालाच कोणतीतरी मदत मिळते आणि १८०पैकी एक जण भरती होतो. विदर्भातले चित्र तर नीट मोजताही येत नाही, कारण केसपेपरवर अनेकदा ‘पोटदुखी’, ‘अशक्तपणा’, ‘फिट’ एवढेच लिहिले जाते. दारू लिहिली तर दावा अडकेल, कोरड्या जिल्ह्यात पोलीस विचारतील, घराण्याचे नाव जाईल, अशी भीती. मग जिल्ह्याच्या अहवालात दारूचे रुग्ण शून्याच्या आसपास राहतात आणि शून्यासाठी कोणी तरतूद मागत नाही. दारू सोडताना होणाऱ्या त्रासाला आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात एफ १०.३ हा संकेतांक आहे, भ्रमासह असेल तर एफ १०.४, तंबाखूसाठी एफ १७. मानसिक आरोग्य सेवा अधिनियमाचे कलम २३ रुग्णाची माहिती गुप्त ठेवायला सांगते. ओपीडीच्या रजिस्टरमध्ये हे संकेतांक लिहायला मंत्रिमंडळाचा निर्णय लागत नाही, तालुका आरोग्य अधिकाऱ्याचे एक पत्र पुरते.